शाळा सोडल्याचा दाखला : अरबी मदरशांचा अभ्यासक्रम आणि त्याचा दर्जा



वाकडमध्ये शाळाप्रवेशाचे दिवस आले की लिफ्टमध्ये, बागेत, पार्किंगमध्ये एकच प्रश्न ऐकू येतो. ‘कोणत्या बोर्डात घातलं?’ राज्य मंडळ, सीबीएसई, आयसीएसई, आणि ज्यांना परवडतं त्यांच्यासाठी आणखी दोन-तीन नावं. प्रश्न छोटा असतो, पण त्याच्या मागे आईबापांची धास्ती असते. बदली झाली, नोकरी गेली, गाव सोडावं लागलं, तर आपलं मूल इथून उठून दुसरीकडे कुठे बसू शकेल का? आजचं व्याख्यान त्याच धास्तीबद्दल आहे. शाळा मात्र वेगळी आहे. महाराष्ट्रातले अरबी मदरसे, त्यांचा अभ्यासक्रम आणि त्या अभ्यासक्रमाचा दर्जा, हा आपला विषय.

सुरुवात शब्दांपासून करू. तत्त्वज्ञानाच्या माणसाची ती खोडच असते. ‘दर्जा’ हा शब्द आपण मराठी म्हणून वापरतो, तो मूळचा अरबी आहे. अरबीत त्याचा अर्थ पायरी. मदरशात आजही इयत्तेला दर्जा म्हणतात. ‘हजेरी’ अरबी, ‘सनद’ अरबी, ‘दाखला’ही अरबीच. दाखल होणं म्हणजे आत शिरणं, आणि दाखला हे आत शिरण्याचं साधन. आता गंमत बघा, आपण कागदावर लिहितो ‘शाळा सोडल्याचा दाखला’. सोडल्याचा, आणि तरीही दाखला! वरवर विसंगत वाटतं, पण शिक्षणाचं सगळं मर्म त्यात आहे. एका शाळेतून बाहेर पडण्याचा कागद हाच दुसऱ्या ठिकाणी आत जाण्याचा कागद असतो. तो नसेल, तर आतल्या पायऱ्या कितीही उंच असल्या तरी मूल वर चढून गच्चीवर अडकतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

त्याआधी एक घोळ निस्तरू. आपल्याकडे उर्दू शाळा, मकतब आणि मदरसा या तिन्ही गोष्टी एकाच पोत्यात भरल्या जातात. उर्दू माध्यमाची शाळा ही साधी शाळा आहे. आपल्या पिंपरी-चिंचवड महापालिकेच्याही उर्दू शाळा आहेत आणि तिथे गणित, विज्ञान, मराठी सगळं चालतं. मकतब म्हणजे मशिदीशेजारी सकाळ-संध्याकाळ तासभर कुराणवाचन शिकवणारा वर्ग. तिथे जाणारं मूल बहुधा दिवसा शाळेत असतं. मदरसा म्हणजे पूर्ण वेळची, बहुधा निवासी, अरबी ग्रंथ शिकवणारी संस्था. सच्चर समितीने २००६ साली सांगितलं की शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी सुमारे तीन टक्केच मुलं मदरशात जातात. म्हणजे शंभरातली सत्त्याण्णव जात नाहीत. आज आपण त्या तिघांबद्दल बोलतोय. तीन ही संख्या लहान आहे म्हणून ती सोडून द्यायची नसते, आणि तीन म्हणजेच शंभर असंही समजायचं नसतं.

आता इतिहासाकडे वळू. अरबी विद्या महाराष्ट्राला परकी होती, ही समजूत खरी नाही. माहीमचा दर्गा सगळ्यांना माहीत आहे. मखदूम अली माहिमी हे चौदाव्या-पंधराव्या शतकातले विद्वान, १४३१ साली वारले. त्यांनी कुराणावर अरबीत भाष्य लिहिलं आणि इब्न अरबी या स्पेनमध्ये जन्मलेल्या तत्त्वज्ञाच्या विचारावरही लिहिलं. कुठे स्पेन, कुठे माहीमची खाडी! पण अरबी ही त्या काळी विद्वानांची दळणवळणाची भाषा होती, जशी आपल्याकडे काशीपासून पैठणपर्यंत संस्कृत होती.

तिथून बिदरला जाऊ. बिदर आज कर्नाटकात आहे, पण भालकी-औरादच्या बाजूला आजही घराघरात मराठी ऐकू येते. तिथे बहमनी राज्याचा वजीर महमूद गावान याने १४७२ साली मदरसा बांधला. इमारत तीन मजली, तिच्यात विद्यार्थ्यांच्या राहण्याच्या खोल्या, व्याख्यानाच्या जागा, ग्रंथालय. त्यात तीन हजार ग्रंथ होते असं परंपरेने सांगतात. गावान स्वतः इराणच्या गिलानचा. बाहेरच्या विद्वानांना तो पत्रं लिहून बोलवायचा. १४८१ साली एका बनावट पत्राच्या आधाराने सुलतानाने त्याचा शिरच्छेद करवला. पुढे सतराव्या शतकाच्या अखेरीला स्फोटात इमारतीचा मोठा भाग कोसळला. आज एक मिनार आणि निळ्या-हिरव्या फरशांचे काही तुकडे शिल्लक आहेत. कधी गेलात तर किल्ला बघून परत फिरू नका, पाच मिनिटं तिथे उभे राहा.

आणि तिसरं उदाहरण तर आपल्या सहलीच्या यादीतलं आहे. औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की. तिथल्या बाबा शाह मुसाफिर यांच्या तकियात अठराव्या शतकात गुलाम अली आझाद बिलग्रामी काही वर्षं राहिले. हे अरबीतले मोठे कवी. त्यांच्या ‘सुब्हतुल मर्जान’ या अरबी ग्रंथात त्यांनी काय केलं? भारतीय अलंकार आणि नायिकाभेद अरबी वाचकाला समजावून सांगितले. १७८६ साली ते गेले, खुलताबादला त्यांची कबर आहे. म्हणजे मराठी मुलखात बसून एक माणूस आपल्याकडचं काव्यशास्त्र अरबी जगाला शिकवत होता. अरबी विद्येची त्या काळची व्याप्ती एवढी होती.

आता मुख्य मुद्दा, अभ्यासक्रम. आज महाराष्ट्रातल्या, किंबहुना भारतातल्या, बहुतेक मोठ्या मदरशांत जो अभ्यासक्रम चालतो त्याला ‘दर्स-ए-निजामी’ म्हणतात. हैदराबादच्या निजामाचा त्याच्याशी संबंध नाही. लखनौच्या फिरंगी महल या वाड्यातले मुल्ला निजामुद्दीन यांच्या नावावरून तो ओळखला जातो. ते १७४८ साली वारले. म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या काळात हा अभ्यासक्रम आकाराला आलेला होता.

त्यात काय होतं? ऐकून आश्चर्य वाटेल. धर्माचे ग्रंथ थोडे होते. कुराणाची एक-दोन भाष्यं, हदीसचा एखादा संग्रह. भर होता तो व्याकरण, तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञानावर. तर्काच्या पहिल्या पुस्तकांपैकी एकाचं नाव ‘ईसागोजी’. हे नाव मूळ ग्रीक. तिसऱ्या शतकात पॉर्फिरीने ॲरिस्टॉटलच्या तर्काची ओळख करून देणारं याच नावाचं पुस्तक लिहिलं होतं, त्याच धर्तीचं तेराव्या शतकातलं हे अरबी पाठ्यपुस्तक. पुढे बिहारचे मुहिबुल्लाह यांचं ‘सुल्लमुल उलूम’ असायचं. सुल्लम म्हणजे शिडी, विद्यांची शिडी. गणितासाठी बहाउद्दीन आमिली यांचं ‘खुलासतुल हिसाब’, भूमितीसाठी युक्लिडचा पहिला भाग, शिवाय खगोलाचं एक पुस्तक. मी आयुष्यभर वर्गात अनुमान शिकवलं. आपली अन्नंभट्टाची ‘तर्कसंग्रह’ ही पोथी आणि हा अभ्यासक्रम शेजारी ठेवले तर दोन्हीकडचे गुरुजी एकमेकांना सहज ओळखतील. पाठांतर आधी, टीका नंतर, टीकेवर टीका त्याहून नंतर.

आणि इथे पुन्हा दोन शब्द आठवतात. तर्कशास्त्रात ‘हुज्जत’ म्हणजे प्रमाण, सिद्धता. मराठीत येईपर्यंत त्याचं हुज्जत घालणं झालं! ‘तकरार’ म्हणजे पुनरावृत्ती. मदरशात संध्याकाळी विद्यार्थी घोळका करून बसतात आणि त्यांच्यातला हुशार मुलगा दिवसभराचा धडा पुन्हा समजावतो, त्याला तकरार म्हणतात. आपल्याकडे ती तक्रार झाली. शब्दांच्या या प्रवासावर हसायला हरकत नाही. पण तकरार ही पद्धत फार चांगली आहे. आधी स्वतः वाचून येणं, मग गुरूपुढे बसणं, मग मित्राला शिकवणं. आजचे शिक्षणशास्त्रज्ञ हेच नव्या नावांनी सांगतात.

आता प्रश्न असा की एवढं तर्कशास्त्र कशासाठी? मंडळी, हा अभ्यासक्रम नोकरीचा होता. त्यातून काझी, मुफ्ती, कारकून, दिवाणी अंमलदार तयार व्हायचे. कायद्याचा मजकूर वाचणं, शब्दाचा नेमका अर्थ लावणं, बाजू मांडणं, निवाडा लिहिणं, याला व्याकरण आणि तर्क लागतो. वॉरन हेस्टिंग्जने १७८० साली कलकत्त्याचा मदरसा काढला तोही कंपनीला न्यायखात्यात माणसं हवी होती म्हणून. ज्याला आपण आज निव्वळ धार्मिक अभ्यासक्रम म्हणतो, तो आपल्या काळात स्पर्धा परीक्षेच्या क्लाससारखा होता. मुलाला पुढे जायला पायरी देणारा.

मग बिघडलं काय? अभ्यासक्रमापेक्षा जास्त बदललं ते बाहेरचं जग. तीन तारखा सांगतो. १८३७, सरकारी कामकाजातून फारसी काढण्याचा कायदा झाला. १८४४, इंग्रजी शिकलेल्यांना नोकरीत प्राधान्य देण्याचं धोरण हार्डिंजने जाहीर केलं. १८६४, कोर्टात हिंदू आणि मुस्लिम कायदा सांगण्यासाठी नेमलेली पंडितांची आणि मौलवींची पदं एकाच कायद्याने रद्द झाली. या शेवटच्या तारखेकडे नीट बघा. पंडित आणि मौलवी एकाच दिवशी, एकाच कागदाने बेकार झाले. धर्म वेगळे, दुःख एकच.

पण पुढची वाट दोघांची वेगळी झाली. पुण्याचं उदाहरण घ्या. पेशवाई गेल्यावर ऑक्टोबर १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात कंपनी सरकारने संस्कृत पाठशाळा उघडली. न्याय, व्याकरण, अलंकार, ज्योतिष, वैद्यक, धर्मशास्त्र असे विषय. पैसा कुठला? पेशव्यांच्या दक्षिणेचा. पुढच्या पिढीतल्या सुधारकांनी १८४९ च्या सुमारास अर्ज केला की दक्षिणेचा काही पैसा मराठी ग्रंथांसाठी द्या. पुण्यात त्यावरून केवढा गदारोळ झाला! तरीही १८५१ मध्ये ही पाठशाळा इंग्रजी शाळेशी जोडली गेली, तिचं पूना कॉलेज झालं आणि पुढे डेक्कन कॉलेज. संस्कृत विद्या विद्यापीठात गेली, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारखी माणसं तिथे प्राध्यापक झाली. पोथी तीच, पण तिच्याकडे बघण्याची नजर नवी झाली आणि हातात पदवी आली. किंमतही मोजावी लागली. जुन्या पद्धतीचं सखोल पाठांतर आणि शास्त्रार्थ मागे पडला, हे विसरायला नको.

मदरशांनी दुसरी वाट धरली. १८६६ साली देवबंदचा मदरसा सुरू झाला. १८५७ च्या होरपळीला दहा वर्षंही झालेली नव्हती. सरकारवर विश्वास नाही, सरकारी अनुदान नको, लोकांच्या वर्गणीवर चालवायचं असं ठरलं. पण बारकाईने पाहिलं तर देवबंदने इंग्रजी शाळेचाच साचा उचलला होता. ठरलेल्या इयत्ता, वार्षिक परीक्षा, पगारी शिक्षक, छापील अहवाल. जुन्या पद्धतीत गुरू एकेका ग्रंथापुरती ‘इजाजत’ द्यायचा, म्हणजे ‘हा ग्रंथ हा माझ्याकडे शिकला, आता याने शिकवावा’. ती माणसाने माणसाला दिलेली सनद होती. देवबंदमध्ये ती संस्थेची झाली. अभ्यासक्रमाचा तोलही बदलला. तर्क-गणिताचा भाग आटला आणि हदीसचा वाढला. शेवटच्या वर्षी हदीसचे सहा मोठे संग्रह शिकवण्याची प्रथा पक्की झाली. न्यायाधीश घडवणारा अभ्यासक्रम आता धर्म सांभाळणारी माणसं घडवू लागला. आणि एक गोष्ट मुद्दाम सांगतो. संस्थापकांपैकी मौलाना कासिम नानौतवी यांचा विचार असा होता की इथला अभ्यास आटोपला की विद्यार्थ्यांनी सरकारी शाळांतही जावं. म्हणजे बाहेर जाणारा दरवाजा नकाशावर होता. पुढच्या दीडशे वर्षांत तो वापराविना गंजला.

हे दुखणं आतल्या माणसांनाही कळत होतं. मौलाना आझाद स्वतः दर्स-ए-निजामी शिकून तयार झालेले. १९४२ ते १९४५ या काळात अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना त्यांनी पत्रांच्या रूपात ‘गुबार-ए-खातिर’ लिहिलं. त्यात त्यांनी आपल्या शिक्षणाबद्दल कठोर शब्द लिहिले आहेत. पुढे शिक्षणमंत्री म्हणून लखनौला उलेमांसमोरही त्यांनी अरबी अभ्यासक्रमाच्या सुधारणेचाच विषय मांडला. हा टीकाकार घरातला होता आणि अरबीवर त्याचं निस्सीम प्रेम होतं. म्हणून त्याचं म्हणणं मोलाचं.

आता आपल्या काळात येऊ. संविधानाचं कलम ३० अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा अधिकार देतं. कलम २१-अ सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देतं. एक हक्क समाजाचा, दुसरा मुलाचा. दोन्ही खरे. पण ते एकमेकांसमोर उभे राहिले तर? शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला. २०१२ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि मदरसे, वेदपाठशाळा आणि प्रामुख्याने धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था कायद्याच्या बाहेर ठेवल्या गेल्या. एका वाक्यात मदरसा आणि वेदपाठशाळा शेजारी बसले आहेत, १८६४ सारखेच.

महाराष्ट्रात मदरसा बोर्ड नाही. २०१३ मध्ये राज्य सरकारने डॉ. झाकिर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजना आणली. ज्या मदरशांना हवं त्यांना गणित, विज्ञान, समाजशास्त्र, भाषा यांच्या शिक्षकांसाठी आणि सोयींसाठी अनुदान. शिक्षकाचं मानधन किती? डी.एड. झालेल्याला महिना ६ हजार, बी.एड.ला ८ हजार. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते १६ हजार आणि १८ हजार केलं गेलं. अकरा वर्षं सहा हजारांत कोण गणित शिकवणार होतं, हा प्रश्न मी तुमच्यावर सोडतो.

मधेच २०१५ चा जुलै आला. राज्यात शाळाबाह्य मुलांची पाहणी होणार होती. सरकारने ठरवलं की जिथे गणित, विज्ञान, समाजशास्त्र, इंग्रजी शिकवत नाहीत, त्या संस्थांतली मुलं शाळाबाह्य मोजायची. सरकारने तेव्हा दिलेले आकडे असे, १८९० नोंदणीकृत मदरसे, सुमारे १ लाख ४८ हजार विद्यार्थी, आणि हे विषय शिकवायला तयार झालेले मदरसे ५५०. आठवडाभर वृत्तवाहिन्यांवर कल्लोळ झाला. एक बाजू म्हणाली, हा धर्मावर घाला. दुसरी म्हणाली, बंदच करा. त्या ५५० संस्थांकडे जाऊन ‘तुमचा गणिताचा मास्तर कुठला, पुस्तक कोणतं’ हे विचारायला मात्र कोणाला सवड झाली नाही. मुलगा पाहणीत कोणत्या रकान्यात जातो यावर भांडण झालं. त्याला भागाकार येतो का, हे बाजूलाच राहिलं.

शेवटी ५ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशच्या मदरसा कायद्यावर निकाल दिला. कायदा वैध ठरवला. फक्त कामिल आणि फाजिल या उच्च पदव्यांचा भाग विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याशी विसंगत म्हणून रद्द केला. निकालाचा गाभा माझ्या शब्दांत असा : मदरशांना आपलं शिक्षण देण्याचा अधिकार आहे, आणि मुलाला समाजात वावरता येईल, पोट भरता येईल एवढी किमान पात्रता मिळते की नाही हे पाहणं हे राज्याचं कर्तव्य आहे. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्याने दोन्ही हक्क एका ताटात वाढले.

कोणी म्हणेल, ‘सर, हे प्रत्यक्षात जमतं का?’ जमतं. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याला मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी उभारलेली जामिया बघा. सातपुड्याच्या पायथ्याशी, आदिवासी तालुक्यात मदरसा, आणि त्याच्या जोडीला डी.एड., बी.एड., फार्मसी, तंत्रशिक्षण. २०११ मध्ये वस्तानवी काही महिने देवबंदचे प्रमुखही होते. मुंबईत मरोळला दाऊदी बोहरा समाजाची अल-जामिया-तुस-सैफिया आहे. मूळ संस्था सुरतेची, १८१४ ची. मरोळचं संकुल फेब्रुवारी २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झालं. तिथे शिकवण्याची भाषाच अरबी आहे आणि जोडीला आधुनिक विषय आहेत. वार्षिक तोंडी परीक्षेची त्यांची परंपरा मोठी आहे. लोकांसमोर बसून उत्तरं द्यायची. अलीगढ विद्यापीठाने २०१३ मध्ये मदरशातून आलेल्या मुलांसाठी सेतू अभ्यासक्रम सुरू केला. नाव किती नेमकं आहे, सेतू!

आणि आपल्या वाकडची एक गोष्ट. आखातातून परतलेली कुटुंबं आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांना विचारा. दुबईतल्या भारतीय शाळेत सीबीएसई चालतं, तरी पहिली ते नववी अरबी शिकावीच लागते. देशपांडे असोत की शेख. कोणाचा धर्म बुडाला नाही. शिवाय तिथे सरकारी तपासनीस शाळेत येतात, श्रेणी देतात आणि अहवाल सगळ्यांना वाचायला खुला ठेवतात. आईबाप प्रवेशाआधी तो वाचतात. दर्जा ही अशी उघड गोष्ट असायला हवी.

आता माझं म्हणणं मांडतो आणि थांबतो. दर्जाच्या दोन कसोट्या असतात. एक आतली, आपण जे शिकवायचं ठरवलं ते नीट शिकवतो का? या कसोटीवर चांगला मदरसा पुष्कळदा उत्तम उतरतो. आठ वर्षं अरबी व्याकरण घोटलेला मुलगा वाक्याची जी चिरफाड करतो, ती आपल्या पदवीधरांना जमेल का, मला शंका आहे. दुसरी कसोटी बाहेरची, हा मुलगा चौदाव्या वर्षी म्हणाला की मला दुसरीकडे जायचं आहे, तर तो जाऊ शकतो का? चाकणच्या कारखान्याला आयटीआय लागतं, आयटीआयच्या बहुतेक ट्रेडना दहावी लागते. आठ वर्षं ईसागोजीपासून हदीसपर्यंत शिकलेला तरुण त्या गेटवर उभा राहिला, तर वॉचमन त्याच्याकडे कोणता कागद मागतो? त्या क्षणी आतली कसोटी त्याच्या कामी येत नाही. आणि हा मुलगा बहुधा गरिबाचा असतो. जेवणाखाण्याची, राहण्याची सोय होते म्हणून आईबापांनी त्याला तिथे ठेवलेलं असतं. निवड त्याने केलेली नसते. म्हणून मुलाचा हक्क समाजाच्या हक्काआधी येतो, असं मला वाटतं. समाज उद्याही असेल. मुलाचं चौदावं वर्ष मात्र एकदाच येतं.

हीच फूटपट्टी सगळ्यांना लावायची. आळंदी आपल्यापासून किती लांब? जोग महाराजांनी १९१७ साली तिथे वारकरी शिक्षण संस्था काढली, चार वर्षांचा अभ्यासक्रम, विनामूल्य. त्या परंपरेचं ऋण आपण मानतो. पण आज आळंदीत किंवा कुठल्याही वेदपाठशाळेत पूर्ण वेळ राहणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मुलाबद्दल हाच प्रश्न विचारला पाहिजे, त्याची शाळा चालू आहे ना? मदरशाला विचारायचा आणि पाठशाळेला विचारायचा नाही, तर तो प्रश्न शिक्षणाचा राहत नाही. आणि पाठशाळेकडे बोट दाखवून मदरशाने उत्तर टाळलं, तर तेही चालणार नाही.

मग काय विचारायचं? तीनच गोष्टी. परीक्षा शिकवणाऱ्याशिवाय दुसरं कोणी घेतं का? मुलाला मराठी किंवा उर्दू वाचून समजतं का, हिशोब येतो का, आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून का होईना, दहावीला बसायची तयारी करून घेतली जाते का? आणि प्रवेशाच्या दिवशी आईबापांना हे सगळं स्पष्ट सांगितलं जातं का? या तीन प्रश्नांसाठी नवा कायदा लागत नाही. विश्वस्तांच्या पुढच्या बैठकीत ते विचारता येतात. तुमच्यापैकी कोणी अशा संस्थेला वर्गणी देत असेल, मग ती मदरसा असो, पाठशाळा असो की आश्रम, तर पावती घेताना विचारा. वर्गणी देणाऱ्याचा तो अधिकारच आहे, आणि देवबंदपासून आळंदीपर्यंत या सगळ्या संस्था वर्गणीवरच उभ्या राहिल्या आहेत.

माहीमच्या अली माहिमींना, बिदरच्या गावानला, पाणचक्कीच्या आझाद बिलग्रामींना अरबीने जगाशी जोडलं होतं. त्याच भाषेच्या शाळेत शिकणारा मुलगा शेजारच्या शाळेतही बसू शकावा, एवढीच अपेक्षा आहे. ती फार मोठी नाही.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा, हुज्जत घाला, म्हणजे मूळ अरबी अर्थाने!